गेस्टच्या नावापुढची खूण

"खोडरबर आहे का घरात?" मी विचारलं.

शेट्यांचा धनुदादा माझ्याकडं बघतच राहिला. "कंप्युटर दुरुस्त करायला आलायस का चित्रं काढायला?"

"रॅम पुसायची असते त्यानं. टोकांवर काळं साचतं."

"बघा," दादा स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "ह्याला खोडरबर पाहिजे. उद्या पाटी-पेन्सिल मागंल."

शेट्यांच्या घरात तेव्हा लहान मूल नव्हतं. खोडरबर कुठनं असणार? मी म्हणलं राहू द्या, घरनं आणतो. तेवढ्यात हर्षदावहिनीनं आत जाऊन स्वतःच्या पत्र्याच्या ट्रंकेतनं एक आणून दिलं. अर्धं झिजलेलं, कोपऱ्याला निळी शाई लागलेली. मी म्हणलं, "वहिनी, अजून जपून ठेवलंय होय?" त्या म्हणल्या, "लागतं कधी कधी, भावजी."

कशाला लागतं हे मी काही विचारलं नाही. माझं सगळं लक्ष रॅमच्या पट्टीवर.

मी तेव्हा बारावीच्या गणितात अडकलेला पोरगा. कंप्युटर कुणी शिकवला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ बघून, इंग्रजी फोरमवर मोडकंतोडकं विचारून जे जमलं ते जमलं. पण बार्शीतल्या आमच्या गल्लीत तेवढं पुष्कळ होतं. प्रिंटर अडला, हेम्याला बोलवा. माऊस हलंना, हेम्याला बोलवा. आणि शेट्यांच्या कंप्युटरवर तर माझा विशेष जीव. त्यातलं व्हायरसनं भरलेलं विंडोज काढून लिनक्स मीच टाकलेलं. गल्लीतलं पहिलं लिनक्स. मला वाटायचं मी काय मोठा दिवा लावलाय.

आणि आता तोच कंप्युटर रोज कोसळत होता.

म्हणजे बंद पडत नव्हता. चालता चालता पडदा काळा व्हायचा, मग उघडलेलं सगळं गायब, आणि समोर परत लॉगिनचं पान. जणू काही आत्ताच चालू केलाय. धनुदादा विम्याचा एजंट. संध्याकाळी घरी आला की लोकांचे हप्ते भरायला बसायचा. अर्धा फॉर्म भरला की पडदा काळा. काकू, म्हणजे दादाच्या आई, सकाळी त्यावर कीर्तनं बघायच्या. त्यांचं मात्र कधी अडायचं नाही. जे काय व्हायचं ते दुपारच्या नंतरच.

मी पंखा साफ केला. रंगाच्या ब्रशनं धूळ काढली. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलला, परत जुना टाकला. खिडक्या उघडताना दिसणारी नखरेबाज हालचाल बंद केली. आज रॅम पुसली. दर वेळी म्हणायचो, "आता बघा." आणि दुसऱ्या दिवशी दादाचा फोन.

"तुला सांगू का," काकू लसूण सोलत म्हणल्या, "ते यंत्रात काय नाही. सून आली आणि हे सुरू झालं. पायगुण असतो एकेकीचा."

वहिनी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांची बोटं ट्रेच्या खाली बारीक बारीक हलत होती. मला वाटलं मनात गाणं-बिणं चालू असेल.

"काकू, पायगुण-बियगुण काय नसतं," मी म्हणलं. मला खरंच राग आला होता. "यंत्र आहे ते. त्याला काय कळतं कोण सून आणि कोण सासू?"

"बरं बाबा, तू शिकलेला. मग मला सांग, मागच्या महिन्यात ही चार दिवस माहेरी गेली होती, तेव्हा एकदा तरी बंद पडला का? धन्या, तूच सांग."

दादा म्हणाला, "नाही पडला खरा."

"योगायोग असंल."

"आता पंचमीला जाणारच आहे ना ती उस्मानाबादला. तेव्हा परत बघ तू. नाही नीट चालला तर मला येऊन विचार."

"पंचमीपर्यंत थांबायचंच नाही," मी म्हणलं. "त्याच्या आत शोधून देतो. तुमच्यासमोर दाखवतो काय कारण आहे ते. मग पायगुण म्हणायचं नाही."

हे मी वहिनींकडं बघून म्हणलं. त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांना बरं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आत गेल्या.

निघताना त्या मागच्या दाराशी कपडे काढत होत्या. मी चप्पल घालत होतो.

"भावजी, एक सांगू?"

"बोला की."

"सापडलं ना कारण, तर नुसतं नीट करा. सगळ्यांना बसवून समजावून सांगत बसू नका."

"का हो?"

"तुम्ही लई सांगता. ह्यांना कंटाळा येतो." आणि हसल्या.

मला ते लागलं. मी लई सांगतो? अरे, एवढं कोण सांगतं ह्या गावात? घरी जाताना मी ठरवलं की सापडू दे फक्त, असं समजावून सांगतो की काकूसुद्धा दुसऱ्यांना समजावून सांगतील.

त्या हसल्या तेव्हा बोटं दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर तशीच हलत होती. हे मला नंतर आठवलं.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज चढलेला. "हेम्या, आत्ताच्या आत्ता ये. आज शेवटची तारीख आहे एका पार्टीची. माझी इज्जत गेली. आणि येताना ठरवून ये. ते तुझं लिनक्स आज जाणार."

गेलो तर टेबलावर विंडोजची सीडी काढून ठेवलेली. दादा उभा. काकू खुर्चीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी. पडद्यावर लॉगिनचं पान.

"टाक हे," दादा सीडीकडं बोट दाखवून म्हणाला. "पुरे झालं."

"दादा, पाच मिनिटं दे."

"पाच मिनिटं पाच मिनिटं करत महिना घालवलास."

मी खुर्चीवर बसलो. काय करायचं काही सुचत नव्हतं. नुसतं समोर बघत होतो. लॉगिनच्या पानावर दोन नावं. वर धनंजय, खाली गेस्ट. हे पान मी इतक्यांदा बघितलेलं की बघायचंच बंद केलं होतं. आणि तेव्हा मला दिसलं की गेस्टच्या नावापुढं एक बारीक पांढरी खूण आहे.

ती खूण म्हणजे तो माणूस आत आहे.

माझ्या डोक्यात खटकन सगळं जागेवर बसलं. जुनं ग्राफिक्स कार्ड. एक दादाचा पडदा आणि मागं दुसरा, गेस्टचा, उघडाच राहिलेला. पडदा थोडा वेळ झोपून परत जागा झाला की त्या कार्डाला दोन्ही सांभाळता येत नव्हते आणि ते दादाचा पाडत होतं. सकाळी कोसळत नव्हता कारण सकाळी गेस्ट नसायचा. रात्री दादा भिंतीवरचं बटण सरळ खाली पाडून कंप्युटर बंद करायचा, त्यामुळं सगळं पुसलं जायचं. म्हणून मला कधी काही सापडलं नव्हतं.

"सापडलं!" मी ओरडलोच. "काकू, इकडं या. दादा, बस इथं. मी सांगतो."

"आता काय सापडलं?"

"तुमच्या कंप्युटरमध्ये पाहुणा बसलाय."

काकू चष्मा लावून जवळ आल्या. "कोण पाहुणा?"

"हे बघा, गेस्ट. गेस्ट म्हणजे पाहुणा. कुणीतरी दुपारी गेस्ट म्हणून आत येतं, आणि बाहेर न पडता नुसतं पान बदलून जातं. तो मागं बसलेलाच राहतो. दोघांचा भार कार्डाला सोसत नाही. यंत्र बरोबर आहे, लिनक्स बरोबर आहे, कुणाचा पायगुणबियगुण काही नाही. बघा, कारण निघालं का नाही?"

"दुपारी कोण येतं आपल्याकडं?" काकू म्हणल्या. "मी तर झोपलेली असते. हर्षदा, कुणी येतं का गं?"

मी हसत मागं वळून बघितलं.

वहिनी दारातच होत्या. तोंडावर काही नव्हतं. म्हणजे घाबरल्यात, रडायला आल्यात असलं काही नाही. नुसतं माझ्याकडं बघत होत्या. आणि त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. नाही, अशी.

आणि मला आठवलं. लिनक्स टाकलं त्या दिवशी वहिनी चहा घेऊन आलेल्या आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलेलं, गेस्ट म्हणजे कोण? मी छाती फुगवून सांगितलं होतं. कुणीही बसावं, वहिनी, पासवर्ड लागत नाही. आणि काम करून बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं. मागं काही राहत नाही. त्यांनी विचारलं होतं, "काहीच नाही?" मी म्हणलं होतं, "काहीसुद्धा नाही." बाहेर पडायचं कसं, हे मात्र दाखवलं नव्हतं.

त्यांनी परत विचारलं होतं, मराठी टायपिंगचा कीबोर्ड टाकता येईल का ह्यात. मी दोन मिनिटांत टाकून दिला होता.

"भावजी," वहिनी म्हणल्या, "ते बंद करून परत चालू करा ना. ह्यांचं काम अडलंय. शेवटची तारीख आहे म्हणतायत."

पडद्याच्या कोपऱ्यात ते बटण होतं. परत चालू करा. तेवढं दाबलं असतं तर आतलं सगळं पुसलं गेलं असतं. दादाचं काम झालं असतं. मी म्हणलो असतो, कुणाचा तरी चुकून हात लागला असेल. दादाला पुढं काही ऐकायचंही नव्हतं.

मला कळलं होतं. हे मला लिहायलाच पाहिजे. मला सगळं कळलं होतं. उशिरा कळलं, नकळत झालं, असलं काही नाही.

पण दादा म्हणाला, "उगं काहीतरी सांगतोय हा. लिनक्स वाचवायला." आणि टेबलावरची सीडी उचलली.

मी गेस्टच्या नावावर क्लिक केलं.

पान उघडलं. पांढरं पान, वरपासून खालपर्यंत भरलेलं. दादा वाकून मोठ्यानं वाचायला लागला. "महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर अर्जातील त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत..." खाली परत तेच. महोदय, उपरोक्त विषयान्वये. त्याच्या खाली परत तेच. शेवटचं अर्ध्या शब्दावर तुटलेलं.

"काय आहे हे?" काकू घाबरल्या. "नोटीस आली का काय आपल्याला?"

"नोटीस नाही, काकू," मी म्हणलं. माझी जीभ अजून चालूच होती. "टायपिंग आहे. सरावाचं. चूक बघा एकही नाही कुठं."

आतमध्ये तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला.

"मी करते ते," वहिनी म्हणल्या.

"कशाला?" दादा.

"परीक्षा आहे. टायपिंगची. क्लास लग्नाआधीच झालाय, परीक्षा तेवढी राहिली होती. तुम्ही बघायला आला होता तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही म्हणला होता, बघू."

"बघू म्हणलं होतं. दे म्हणलं होतं का?"

वहिनींनी हाताचं पीठ पदराला पुसलं.

"कधी आहे?"

"पंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

"कुठं?"

"उस्मानाबादला."

"हां," काकू म्हणल्या, आणि परत खुर्चीत जाऊन मागं टेकल्या. "तरीच. मी म्हणते, ह्या वर्षी पंचमीची एवढी घाई कशाची? भावाला दोन-दोनदा फोन काय, बांगड्या काय. आणि मी आपली झोपतेय दुपारची. माझ्या उशाशी बसून चाललंय हे सगळं."

"आई, सर्टिफिकेट मिळालं तर कुठं अर्ज तरी—"

"काय कमी आहे गं तुला इथं?"

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शेजारच्या खुर्चीवर बसला, ते पान वरनं खालपर्यंत परत एकदा वाचलं आणि मला म्हणाला, "हेमंत, ते गेस्ट काढून टाक."

आजवर त्यानं मला कधी हेमंत म्हणलं नव्हतं.

"दादा, नुसतं बाहेर पडलं तरी चालतंय, काढायची काही—"

"काढ."

मी काढलं. एका ओळीचं काम. टाइप करताना माझ्या बोटांचा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता. मग परत चालू केला. लॉगिनचं पान आलं, त्यावर एकच नाव. दादा हप्ता भरायला बसला. वेळेत भरला गेला.

"म्हणलं नव्हतं मी?" काकू मला म्हणल्या. "सून आल्यापासनं होतंय. तू हसत होतास मला."

त्यांचंच खरं निघालं होतं, आणि ते मी सिद्ध करून दिलं होतं.

"हर्षदा, हेम्याला चहा टाक. पोरानं काम केलं."

वहिनींनी चहा आणला. ट्रे पुढं केला. मी कप उचलला. बोटं ट्रेच्या कडेला होती, एकही हलत नव्हतं. मी चहा पूर्ण प्यायलो. ठेवून उठायला पाहिजे होतं, पण प्यायलो.

दोन दिवसांनी मी काकूंना देवळाच्या वाटेवर गाठलं. म्हणलं, "काकू, परीक्षेला जाऊ द्या की त्यांना. एक दिवसाचं तर काम आहे." काकू म्हणल्या, "तू कंप्युटरचं बघ. घरातलं आम्ही बघतो." मी बरं म्हणलं. दादाकडं गेलोच नाही. जाणार होतो, पण रोज उद्यावर टाकलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी वहिनींचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. मोटारसायकलला पिशवी अडकवलेली. मी समोरच्या कट्ट्यावर होतो. तो आत गेला, आणि तासाभरात एकटाच बाहेर आला. पिशवी तशीच होती. त्यातनं साडीचा खोका दिसत होता. दारात वहिनी आल्या, हाताला ताजी मेंदी. भावाशी काहीतरी बोलल्या आणि वळल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

तो गाडीला किक मारायला कट्ट्याजवळ थांबला आणि मला म्हणाला, "इथं कंप्युटरवाले हेमंत कुठं राहतात?"

"मीच."

"तुम्हीच होय?" त्यानं हात पुढं केला. "ताई फोनवर लई कौतुक करायची तुमचं. म्हणायची, गल्लीत एक पोरगा आहे, त्यानं मराठी कीबोर्ड टाकून दिला म्हणून सराव करता आला. नाहीतर बोटं विसरली असती."

मी हात मिळवला.

"ह्या वेळी नाही जमलं," तो म्हणाला. "घरात काहीतरी कळलं म्हणे. कसं कळलं काय माहीत. पुढच्या वेळी बसवू." आणि गेला.

पंचमीला मारुतीच्या देवळामागच्या लिंबाला झोका बांधला होता. बायका गाणी म्हणत होत्या. वहिनी बाजूला उभ्या होत्या, लहान पोरींना झोका देत. स्वतः बसल्या नाहीत.

शेट्यांचा कंप्युटर त्यानंतर एकदाही कोसळला नाही. काकूंनी गल्लीभर सांगितलं, हेम्याच्या हाताला गुण आहे. दादानं त्याच्या ऑफिसातलं काम मला मिळवून दिलं. त्यातनं दुसरं मिळालं. आज जे दुकान आहे माझं बसस्टँडच्या मागं, त्याची सुरुवात त्या कामापासनं झाली. हे मी कुणाला सांगत नाही. लोक विचारतात कसं शिकलास, तर सांगतो, व्हिडिओ बघून.

पुढच्या वेळी काही बसवलं नाही कुणी. वहिनींना दिवस गेले, मग मुलगी झाली, मग काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन. मधल्या काळात मी त्यांच्या घरी जायचं टाळायचो. काम निघालं तर दुकानातल्या पोराला पाठवायचो. वहिनी समोर आल्या की "काय भावजी, बरं आहे ना?" म्हणायच्या. मी "हो" म्हणायचो. बोलायचं होतं, पण काय बोलणार? माफी मागितली असती तर त्यांना "असू द्या" म्हणावं लागलं असतं, आणि तेही काम त्यांच्याच गळ्यात पडलं असतं.

गेल्या महिन्यात त्या दुकानात आल्या. सोबत मुलगी, पहिलीतली, ईश्वरी. जुना लॅपटॉप घेऊन.

"हिचा अभ्यास ह्याच्यावर असतो," वहिनी म्हणल्या. "चालता चालता सगळं जातं आणि परत पहिलं पान येतं. तुमच्या ओळखीचा रोग दिसतोय."

त्या हसल्या नाहीत, मीपण नाही. मी लॅपटॉप उघडला. ईश्वरी काउंटरवर हनुवटी टेकवून बघत होती. पाच मिनिटांत सापडलं. शाळेच्या अॅपच्या मागं एक कार्टूनचा गेम लपवून चालू ठेवलेला. चांगला मोठा. आईची चाहूल लागली की वर शाळेचं पान. दोन्हीचा भार त्या लॅपटॉपला पेलत नव्हता.

मी वर बघितलं. ईश्वरीची हनुवटी काउंटरवरनं उचलली गेली होती. ती माझ्याकडं बघत होती. आणि तिनं मान हलवली. अगदी थोडी.

मी गेम काढला. लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

"झालं," मी म्हणलं.

"काय झालं होतं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. आतली वायर सैल होती."

वहिनी पडद्याकडं बघत राहिल्या. मग मुलीकडं. मग माझ्याकडं. त्यांची बोटं काउंटरच्या काचेवर होती, नुसती टेकलेली.

"हे तेव्हा येत नव्हतं होय, भावजी?" त्या म्हणल्या.

"आई, कधी?" ईश्वरीनं विचारलं.

"तू नव्हतीस तेव्हा," त्या म्हणल्या, आणि लॅपटॉप पिशवीत घातला.